दोन्ही सैन्यांत लढलेली पावगाडी

मी एक जुनी पावगाडी आहे. मित्रांनो, 'जुनी' म्हटलं की लोक माझ्या पत्र्यावरून हात फिरवतात आणि हळहळतात. कृपा करून हळहळू नका. माझं आयुष्य फार मजेत गेलं. आयर्लंडच्या यादवी युद्धात मी दोन लढाया लढले, एक एका बाजूने आणि दुसरी दुसऱ्या बाजूने. दोन सेनापतींनी मला रणांगणावर नेलं आणि दोघांनीही मला पोटभर शिव्या दिल्या. मोठ्या इतिहासात या लढाया तुम्हाला सापडायच्या नाहीत. पण मी तिथे होते, आणि जे पाहिलं ते सांगते.

माझा जन्म कॉर्क शहरातल्या एका कारखान्यात झाला. इंजिन समुद्रापलीकडून खोक्यात भरून आलं होतं. अंगावरचं लाकूड मात्र इथलंच, ॲश झाडाचं. आमच्याकडे हर्लिंग नावाच्या, हॉकीसारख्या खेळाच्या काठ्या याच लाकडाच्या करतात. त्यामुळे त्या खेळाशी माझं रक्ताचं नातं आहे, असं मी समजते.

बॅलिन्डारा गावच्या हॅना टूमी या बाईंनी मला विकत घेतलं. टूमीबाई विधवा होत्या आणि नदीकाठी त्यांची पावाची भट्टी होती. पीठ मळायला लागल्या की टेबल जागचं हलायचं, असे त्यांचे दंड. माझा चालक बार्टली. तो पूर्वी त्यांची घोडागाडी हाकायचा आणि माझ्यावर बसला तरी त्याची सवय गेली नाही. ब्रेक दाबताना तो "हो, हो, बाई!" म्हणायचा आणि चढावर माझ्या कुशीवर थाप मारायचा.

सकाळी गरम पाव पोटात घेऊन मी निघे. त्या वासाने मी जाईन तिथली कुत्रीसुद्धा शेपटी हलवायची. आणि रविवारी? रविवारी गावचा हर्लिंगचा संघ माझ्यात बसून सामन्याला जायचा. त्यात दोन जिवलग मित्र होते. कॉन हॅलिसी हा गोलरक्षक. धिप्पाड, सावकाश बोलणारा, एकदा उभा राहिला की कातळ. आणि फ्लॉरी क्रेमिन हा गोल मारणारा. काटकुळा, बडबड्या, पायांत चाकं बसवल्यासारखा. सरावाला दोघे समोरासमोर आले की मजा यायची. फ्लॉरी उजवीकडे मारल्याचं दाखवायचा आणि डावीकडे मारायचा. हे कॉनला पाठ होतं. कॉनला पाठ आहे हे फ्लॉरीलाही पाठ होतं. मग दोघेही काठी उगारून एकमेकांकडे बघत राहायचे आणि बाकीची पोरं ओरडायची, "अरे मारा रे, जेवायची वेळ झाली!"

पुढे इंग्रजांशी लढाई पेटली, तेव्हा हे दोघे एकाच तुकडीत होते. त्यांचा तिसरा सोबती मॉसी, हसरा पोरगा, माझ्या पायरीवर उभा राहून शीळ घालायचा. पावांच्या खाली बंदुका लपवून मी कितीतरी नाकी पार केली. बार्टली शिपायांना गरम पाव द्यायचा, ते खात बसायचे आणि आम्ही पुढे सटकायचो. एका चकमकीत मॉसी पडला. त्याला घरी मीच आणलं. त्या दिवशी बार्टली मला एक शब्दही बोलला नाही.

मग लंडनला तह झाला. इंग्रज जायला निघाले, पण सगळा देश हाती आला नव्हता आणि राजाच्या नावाची शपथ डोक्यावर राहिली होती. साऱ्या आयर्लंडचे दोन तट पडले. आमच्या भट्टीच्या अंगणातही पडले. मी तिथेच उभी होते.

"सगळं एका दमात मिळत नसतं रे," फ्लॉरी म्हणाला. "जे मिळालंय त्यावर पाय रोवू. पुढचं पुढे बघू."

"मॉसी काय अर्ध्यासाठी गेला?" कॉन म्हणाला.

"मॉसीला मध्ये आणू नकोस."

"मी नाही आणला. तो आहेच मध्ये."

बस्स, एवढंच बोलणं झालं. फ्लॉरी नव्या सरकारच्या सैन्यात गेला आणि हिरवा गणवेश चढवून कमांडंट झाला. कॉन तह न मानणाऱ्या प्रजासत्ताकवाल्यांच्या बाजूने राहिला. त्याच्या माणसांनी बॅलिन्डारा ताब्यात घेतलं आणि तेही त्याला कमांडंट म्हणू लागले. अशा रीतीने एकाच संघातून दोन सेनापती निघाले.

यात सर्वांत जास्त पंचाईत झाली ॲबीची. ॲबी ही कॉनची बहीण. ती टूमीबाईंच्या भट्टीवर काम करायची आणि फ्लॉरीशी तिचं लग्न ठरलं होतं. तिने दोघांनाही स्वच्छ सांगून टाकलं, "तुमची लढाई संपेपर्यंत मी ह्याच्याशी लग्न करणार नाही आणि ह्याला जेवायला वाढणार नाही. एक उपाशी लढू दे, दुसरा ब्रह्मचारी!"

उन्हाळ्यात बातमी आली की फ्लॉरीची पलटण उत्तरेकडून गावावर चालून येते आहे. कॉनला चिलखती गाडी हवी होती. गावात गाडी होती एकच, मी. टूमीबाई पिठाचे हात कमरेवर ठेवून आडव्या उभ्या राहिल्या.

"गाडी नेतोस तर ने. पण तिला ओरखडा उठला, तर लढाई तुझी माझ्याशी आहे, कॉन."

"जपून वापरीन, टूमीबाई."

"युद्ध कधी जपून करतात का रे, शहाण्या?"

गिरणीचा एक जुना बॉयलर फोडून लोहाराने त्याचे पत्रे माझ्या अंगावर ठोकले. माझ्या स्प्रिंगा कुरकुरल्या. टपावर बंदूक रोखायला एक मोठं भोक ठेवलं आणि मागे एकुलतं एक लोखंडी दार बसवलं. हे दार पहिल्या दिवसापासून अडायचं. आतून कितीही धक्के मारा, ढिम्म हलायचं नाही. बाहेरून खालच्या कोपऱ्यात नेमकी लाथ बसली की मात्र पटकन उघडायचं. ती लाथ कुठे मारायची हे कॉनला आणि बार्टलीला बरोबर जमायचं. पोरांनी माझ्या कपाळावर 'रणरागिणी' अशा अर्थाचं आयरिश नाव रंगवलं. गावाने मात्र मला 'चालता बंब' म्हणायला सुरुवात केली. मला आधी राग आला. मग वाटलं, बंबाशिवाय कुणाचं चालतं?

पहिली लढाई कॅरिगच्या फाट्यावर झाली. कॉनचा बेत खरोखर चांगला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दगडी बांध होते, त्यांच्या आड त्याची माणसं दबा धरून बसली. मी उतारावर, दूध डेअरीच्या मागे लपले. फ्लॉरीची माणसं फाट्यावर आली की बांधाआडून गोळीबार करायचा, ती गोंधळली की मी उतारावरून यायचं आणि मशिनगनने त्यांना मागे रेटायचं. कागदावर हा बेत कुणीही वाखाणला असता. पण बॉयलरच्या पत्र्यांसह उतारावरून निघालेली पावगाडी थांबते कशी, याचा विचार कुणीच केला नव्हता.

हिरवे गणवेश दिसायला लागले. बार्टलीने मला जरा पुढे काढलं आणि मी सुटले! "हो! हो, बाई! हो ग!" बार्टली ओरडत होता. ब्रेकमधून धूर निघाला. गोळीबाराचा हुकूम होण्याआधीच मी कॉनच्या माणसांसमोरून गडगडत गेले. फ्लॉरीच्या शिपायांनी सायकली टाकून चरात उड्या मारल्या. चार गोळ्या माझ्या अंगावर टणाटण वाजल्या. आत कॉन मशिनगनशी झटत होता आणि ती अडकून बसली होती. फाटा गेला, कुंपण गेलं, आणि मी थेट गाईंच्या डबक्यात जाऊन बसले. एक गाय माझ्याकडे बघत रवंथ करत राहिली.

कॉन टपाच्या भोकातून बाहेर पडला, चिखलात एक बूट सोडून पलीकडच्या बांधामागे पळाला आणि आपली माणसं शिस्तीत मागे घेऊन गेला. उडी मारताना एका शिपायाचं गळ्याजवळचं हाड मोडलं. त्या लढाईत यापलीकडे कुणालाही इजा झाली नाही. ते हाड जोडलेला माणूस पुढे आयुष्यभर आपण चिलखती गाडीखाली आलो होतो असं सांगायचा.

फ्लॉरी डबक्याकाठी आला. चिखलातला बूट बघून त्याला हसू आवरेना. सगळ्यांदेखत हसला. मग त्याने तो बूट उचलला, पाणी झटकलं आणि उन्हात वाळत ठेवला.

मला दोरांनी ओढून काढलं. लष्करी भाषेत याला 'शत्रूची चिलखती गाडी हस्तगत केली' असं म्हणतात. बार्टलीलाही पकडलं होतं.

"बार्टली, आता तू कैदी आहेस," फ्लॉरी म्हणाला.

"कैदी असेल तुझा काका! मी टूमीबाईंचा नोकर आहे. गाडी जिथे जाईल तिथे मी. ब्रेक नीट करून दे, नाहीतर पुढच्या डबक्यात तूही असशील."

असा बार्टलीही दुसऱ्या सैन्यात आला. माझ्या कपाळावरचं नाव पुसून हिरवा पट्टा ओढण्यात आला. कॉन टपाच्या भोकातून निसटला होता, शिवाय वरून कुणी बॉम्ब टाकील ही भीती होती. म्हणून फ्लॉरीने ते भोक पत्रा ठोकून बंद करायला लावलं. ब्रेक कुणी नीट केला नाही. लढाईत असंच असतं, मित्रांनो. नाव आधी बदलतात, ब्रेक नंतर.

आता उरली पुलाची लढाई. बॅलिन्डाराच्या मधून नदी वाहते. टूमीबाईंची भट्टी आणि बाजार दक्षिणेला, चर्च आणि शाळा उत्तरेला, मध्ये जुना दगडी पूल. पूल मध्ये उंच, उंटाच्या पाठीसारखा. कॉनने त्याच्या कमानीखाली सुरुंग भरला होता. तारा कठड्यालगत भट्टीशेजारच्या कोळशाच्या खोलीपर्यंत नेल्या होत्या. तिथे एक पेटी होती आणि पेटीला दांडी. दांडी खाली दाबली की पूल संपला. म्हातारी माणसं कुजबुजू लागली की पूल गेला तर लेकरांनी शाळेत जायचं कसं आणि मेल्यावर आम्ही चर्चमध्ये जायचं कसं. कॉनला हे कळत नव्हतं असं नाही. पण फ्लॉरीचं सैन्य तोफ घेऊन येत आहे असं त्याला कळलं होतं आणि दुसरी वाट त्याला दिसत नव्हती.

पुलाच्या वरच्या अंगाला एक बंधारा होता. उन्हाळ्यात तिथे गुडघाभर पाणी असे. फ्लॉरीने बेत आखला. माझा दणदणाट करत पुलाकडे यायचं, म्हणजे कॉनची माणसं पुलाकडे धावतील. खरी पलटण गुपचूप बंधाऱ्यावरून पलीकडे जाईल. पुलावर मात्र चढायचं नाही, अलीकडेच थांबून नुसता गोंगाट करायचा. सुरुंगाच्या तोंडाशी दुसऱ्या कुणाला पाठवायला त्याचा जीव होईना, म्हणून या गोंगाटासाठी तो स्वतः माझ्यात बसला.

इकडे कॉन विचार करत होता. 'फ्लॉरी उजवीकडे दाखवतो आणि डावीकडे मारतो. पुलावर गोंगाट झाला की समजायचं, तो बंधाऱ्यावर आहे.' त्याने आपली सगळी माणसं बंधाऱ्यावर पाठवली. पेटीची दांडी दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला त्याचा जीव होईना, म्हणून तो एकटा कोळशाच्या खोलीत थांबला.

सकाळची वेळ होती. भट्टीतून पहिल्या पावांचा वास येत होता. आम्ही चर्चसमोरून पुलाकडे निघालो. आणि तिथे उतार आहे, हे मी तुम्हाला सांगायला विसरले का?

"हो, बाई! हो! हो!"

थांबते कशाची! मी पुलावर चढले, उंटाच्या पाठीवर धापा टाकत पोहोचले आणि बरोबर मधोमध, सुरुंगाच्या डोक्यावर, माझं इंजिन बंद पडलं. सगळीकडे शांतता पसरली. फक्त खाली पाणी वाहत होतं.

"आत कोण आहे?" कोळशाच्या खोलीतून कॉनचा आवाज आला.

"मी आहे. फ्लॉरी."

"तू? तू बंधाऱ्यावर असायला हवास!"

"आणि तू इथे काय करतोयस?"

"तू बंधाऱ्यावर असशील म्हणून माझी सगळी माणसं तिकडे पाठवली मी!"

"बरोबरच केलंस. माझीही तिकडेच आहेत."

कॉन ओरडला, "उतर आणि पळ, फ्लॉरी. मी पूल उडवणार आहे. पळायला वेळ देतो."

"उतरलो असतो रे. पण दार उघडत नाही."

"वरून ये."

"वरचं बंद करून टाकलं. तू पळालास ना त्यातून!"

"बार्टली आहे का आत?"

"आहे की!" बार्टली गरजला. "आणि फाटा असो की पूल, गाडी तुमची दोघांची नाही, टूमीबाईंची आहे, एवढं ध्यानात ठेवून काय ते उडवा!"

मित्रांनो, मी लोखंडाची आहे, तरी त्या वेळी माझा खिळा न् खिळा थरथरत होता. फटीतून मला कोळशाच्या खोलीचं दार दिसत होतं. कॉन बाहेर आला. त्याने एकदा मागे पेटीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग हातातली बंदूक भिंतीला टेकवली आणि मोकळ्या हातांनी पुलावर चालत आला.

"आधी तुला बाहेर काढतो," तो दाराजवळ येऊन म्हणाला. "मग उडवतो."

"चालेल," आतून फ्लॉरी म्हणाला. "पण जरा लवकर. पायावर पत्रा सरकलाय माझ्या."

कॉनने खालच्या कोपऱ्यात नेमकी लाथ घातली. दार उघडलं. बार्टली टुणकन बाहेर पडला आणि कॉन पत्रा उचलायला आत शिरला. याच वेळी टूमीबाई भट्टीतून बाहेर आल्या. त्यांच्या हातात पाव कापायची लांब सुरी होती. त्या शांतपणे कठड्यापाशी गेल्या, तार उचलली आणि पावाचा कडक भाग कापावा तशी कचकन कापून टाकली. त्यांच्या मागून ॲबी आली. तिने पुलावर येऊन खांद्याने दार धाडकन लोटलं.

आत दोन्ही सेनापती. बाहेर सगळं युद्ध.

"कोण आहे ते? दार उघड!" कॉन ओरडला.

"मी आहे. तुझी उपाशी ठेवणारी बहीण."

"ॲबी, हा खेळ नाही!"

"खेळ असता तर तुम्ही दोघांनी शहाण्यासारखा खेळला असता. आत बसा. या पुलाचं काय करायचं ते ठरवा. ठरलं की ठोका."

"आणि नाही ठरलं तर?" फ्लॉरीने विचारलं.

"ऊन वाढतंय. तुम्ही बॉयलरच्या पत्र्यात बसलाय. आपोआप शिजाल."

आता त्या दोघांमध्ये काय बोलणं झालं, हे माझ्याशिवाय कुणीच ऐकलेलं नाही. आधी त्यांनी एकमेकांना शिव्या दिल्या, शपथेवरून, गणवेशावरून, डबक्यातल्या बुटावरून. दोघेही घामाने निथळत होते. फ्लॉरीने कोट काढला. कॉनने शर्ट काढला. शिव्या संपल्या आणि मग बराच वेळ दोघे पाठीला पाठ लावून बसले, कारण दुसरीकडे टेकायला जागाच नव्हती.

"मॉसी असता तर कुणाकडे असता रे?" फ्लॉरीने हळूच विचारलं.

"माझ्याकडे," कॉन पटकन म्हणाला. मग थोडं थांबून, "ठाऊक नाही."

"मलाही ठाऊक नाही."

"तो असता तर आता पायरीवर उभा राहून शीळ घालत असता. आणि आपल्याला हसत असता."

त्यावर दोघेही हसायला लागले. कॉनचं हसणं मध्येच फाटलं, तो हातांत तोंड लपवून रडायला लागला आणि फ्लॉरी त्याच्या पाठीवर नुसता हात ठेवून बसून राहिला. मित्रांनो, माझ्या पोटातून गरम पाव गेले, बंदुका गेल्या. पण त्या सकाळइतकं मोलाचं ओझं मी कधी वाहिलं नाही.

बंधाऱ्यावर मात्र मौज चालली होती. दोन्ही सैन्यं दोन काठांवर समोरासमोर पडून होती आणि हुकूम द्यायला एकाही बाजूला सेनापती नव्हता! टूमीबाईंनी बार्टलीला हातगाडीवर पाव घालून तिकडे पिटाळलं. बार्टली गुडघाभर पाण्यात उभा राहून ओरडला, "बंदूक खाली ठेवेल त्याला मिळेल. पाव गरम आहे, मी गार करून देणार नाही!" थोड्याच वेळात दोन्ही काठांवर नुसता चावण्याचा आवाज येत होता.

आतून ठोकल्याचा आवाज आला. ठरलं होतं असं, की कॉनची माणसं बंदुका घेऊन डोंगराकडे निघून जातील. पूल राहील. गाव फ्लॉरीकडे जाईल. आणि कॉनची माणसं शेवटची टेकडी ओलांडेपर्यंत फ्लॉरीची माणसं चहा पीत बसतील. ॲबीने दोनदा लाथ मारली, दार उघडेना. शेवटी बार्टलीला बोलवावं लागलं.

कॉन निघाला तेव्हा फ्लॉरीने त्याला वाळलेला बूट दिला. कॉनने तो घातला, पाय आपटून पाहिला आणि डोंगराकडे चालू लागला. पुलाची लढाई संपली. कुणी मेलं नाही, म्हणून ती कुठे लिहिलीही गेली नाही.

युद्ध मात्र संपलं नव्हतं. दुसऱ्या गावांत भावांनी भावांना मारलं. त्या गोष्टी मी पाव घेऊन जाताना दारादारांत ऐकल्या आणि त्या हसत सांगता येत नाहीत. तो सगळा हिवाळा कॉन डोंगरात राहिला. वरिष्ठांकडून फ्लॉरीला विचारणा व्हायची, तो डोंगर अजून का धुंडाळला नाही? फ्लॉरी कळवायचा, धुकं फार आहे. आमच्याकडे धुकं खरंच फार असतं, पण त्या वर्षी जरा जास्तच होतं.

वसंतात बंदुका खाली ठेवल्या गेल्या. कॉन काही काळ तुरुंगात राहून घरी आला, फ्लॉरीने गणवेश उतरवला. टूमीबाईंनी माझ्या अंगावरचे पत्रे सोलून काढले. ते त्यांनी भट्टीत तळाला बसवले आणि त्यावर भाजलेल्या पावाला असा खरपूसपणा आला की आसपासचे भट्टीवाले जळू लागले. हलकी झालेली मी दोन दिवस उगाचच उड्या मारत चालत होते.

ॲबीचं लग्न झालं. नवरीला मीच नेलं. बहिणीचा हात धरून कॉन चर्चमध्ये गेला, पण नवऱ्याशी बोलला नाही. यानंतर कितीतरी काळ दोघांचं बोलणं ॲबीमार्फत चालायचं. दोघे एकाच टेबलावर असायचे आणि कॉन म्हणायचा, "तुझ्या नवऱ्याला सांग, मीठ दे." फ्लॉरी म्हणायचा, "तुझ्या भावाला सांग, मीठ त्याच्या कोपराशी आहे." ॲबी मीठ उचलून स्वतःच्या ताटात घालायची आणि दोघांनाही अळणी जेवायला लावायची.

एका रविवारी मी संघाला घेऊन मैदानावर गेले होते. नवा गोलरक्षक आजारी पडला होता. कॉन माझ्या पायरीवर बसून नुसता बघत होता. मग तो उठला आणि गोलात जाऊन उभा राहिला. सरावासाठी समोर फ्लॉरी होता. त्याचे केस विरळ झाले होते, पण पाय तेच. त्याने काठी उगारली.

"डावीकडे मारणार आहेस, माहीत आहे मला," कॉन म्हणाला.

थेट त्याला म्हणाला! फ्लॉरी इतका गडबडला की चेंडू कुठल्या कुठे, माझ्या काचेवर येऊन आदळला. काच फुटली. मला त्या काचेचं कधीच वाईट वाटलं नाही.

मग माझेही दिवस फिरले. टूमीबाई गेल्या. भट्टीवर नवी, चकचकीत गाडी आली. मला फ्लॉरीच्या घरामागे उभं करून ठेवलं आणि तिथे माझ्यात कोंबड्या राहू लागल्या. कोंबड्या वाईट नसतात, पण त्यांना इतिहासाची आवड नसते. बार्टली अधूनमधून यायचा, चाकामागे बसायचा, "हो, बाई" म्हणायचा आणि डुलकी काढून जायचा. नंतर तोही येईनासा झाला. टायर जमिनीत रुतले. चाकांतून काटेरी झुडूप वाढलं. मला वाटायचं, संपलं आता आपलं.

पण एक दिवस गावच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, मिस लीही, मुलांना घेऊन आल्या. त्यांनी झुडूप कापलं, कोंबड्यांना दुसरं घर दिलं. वर्षभर मुलं शाळेनंतर यायची, गंज घासायची, माझ्या सांध्यांत तेल घालायची. इंजिन पुन्हा सुरू झालं तेव्हा मी इतक्या जोरात खोकले की चर्चवरचे कावळे उडाले.

रंगाची वेळ आली तेव्हा भांडण लागलं. मिस लीहींनी भोळेपणाने विचारलं, "ही गाडी नक्की कोणत्या बाजूची होती?"

"आमची," कॉन म्हणाला. तो आता काठी टेकत चालायचा.

"हस्तगत केली होती आम्ही," फ्लॉरी म्हणाला.

"डबक्यातून उचललीत. त्याला हस्तगत म्हणतात?"

"तू सोडून पळालास. त्याला काय म्हणतात?"

मुलं आळीपाळीने दोघांकडे बघत होती. ॲबीने पांढऱ्या केसांवर रुमाल बांधला, रंगाचा डबा उचलला आणि म्हणाली, "पिवळी. मला पिवळा आवडतो. दोघांनी ब्रश घ्या आणि गप्प कामाला लागा."

म्हणून मी आता पिवळी आहे, पिकल्या मक्यासारखी.

पहिली फेरी काढायचा दिवस ठरला. अर्धं गाव आलं होतं. गाडी मिस लीही चालवणार होत्या. त्यांच्या शेजारी पुढे कोण बसणार यावर दोन्ही म्हाताऱ्यांची पुन्हा जुंपली, तेव्हा ॲबी स्वतःच पुढे जाऊन बसली आणि दोघांना मुलांबरोबर मागे पाठवलं. गाणी म्हणत आम्ही बाजारातून गेलो, चर्चपर्यंत जाऊन वळलो आणि मैदानाकडे निघालो. मैदानाच्या फाटकात चिखल होता. माझी मागची चाकं रुतली.

मित्रांनो, शेवटची एक गोष्ट सांगते. म्हाताऱ्या यंत्रांना आणि म्हाताऱ्या माणसांना तुम्ही कोपऱ्यात उभं करून ठेवू नका. रोज थोडं तेल घाला, रोज थोडं चालवा, जुन्या गोष्टी विचारा. आणि ती चिखलात रुतली, तर हसा, पण हात लावा. त्या दिवशी सगळे हसत हसतच खाली उतरले. ज्यांचे आजोबा बंधाऱ्याच्या या काठाला होते ते उतरले, ज्यांचे आजोबा त्या काठाला होते तेही उतरले. कॉनने काठी फेकून दिली, फ्लॉरीने बाह्या वर केल्या. ॲबी पुढून ओरडली, "सगळ्यांनी एकदम!"

मागून ढकलणाऱ्यांचे हात मला दिसत नाहीत. मला फक्त जोर कळतो. आणि तो जोर एवढा होता, की मी चिखलातून उडी मारून बाहेर आले आणि मैदानभर धावत सुटले.